ढवळता येत नाही, मग मिसळायचे कसे?



चहात साखर घातली की आपण चमचा घेतो आणि ढवळतो. चार-पाच फेरे झाले की सगळा चहा सारखा गोड होतो. यात विचार करण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतही नाही. पण अशी कल्पना करा, की तुमचा कप म्हणजे केसाच्या तिप्पट रुंदीची एक बारीक नळी आहे. तिच्यात चमचा जाणे शक्य नाही. नळीतून दोन द्रव शेजारी शेजारी संथपणे वाहत आहेत आणि ते एका सेकंदाच्या आत एकमेकांत पूर्णपणे मिसळायला हवे आहेत. काय कराल?

हे नुसते डोक्याला खाद्य म्हणून घातलेले कोडे नाही. रक्ताच्या एकाच थेंबावर तपासण्या करता याव्यात म्हणून काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीवर, म्हणजे चिपवर, अशाच बारीक नळ्या कोरतात. एका नळीतून रक्तद्रव येतो, दुसरीतून रासायनिक द्रव्य येते. दोन्ही नीट मिसळले नाहीत, तर रासायनिक क्रिया अर्धवट होते आणि तपासणीचा आकडा चुकतो. आकडा चुकला तर औषध चुकते. म्हणून मिसळण्याच्या या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे संशोधक कित्येक वर्षे लागले आहेत. त्यांनी त्यातून काढलेली वाट आपण आज समजून घेऊ. त्यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकाराचे आहे आणि प्रयोगाला दोन काचेचे पेले पुरतात.

न ढवळता साखर कधी विरघळेल?

स्तब्ध पाण्याच्या तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा एक स्फटिक हलकेच सोडा. जांभळा रंग हळूहळू पसरू लागतो. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे धावत असतात आणि रंगाच्या कणांना धक्के देत असतात. या धक्क्यांमुळे कण दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरतात. या क्रियेला विसरण म्हणतात. तिचा नियम जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ साली मांडला.

विसरणाला लागणारा वेळ अदमासे असा काढता येतो :

वेळ = (अंतर × अंतर) ÷ (२ × विसरणांक)

विसरणांक म्हणजे तो पदार्थ किती लवकर पसरतो ते सांगणारा आकडा. पाण्यात साखरेचा विसरणांक दर सेकंदाला सुमारे ०.०००५ चौरस मिमी. आहे. आता कपात ५० मिमी. खोल पाणी आहे असे धरा. साखर तळापासून वरपर्यंत पसरायला लागणारा वेळ = (५० × ५०) ÷ (२ × ०.०००५) = २५,००,००० सेकंद. म्हणजे जवळजवळ २९ दिवस! पाणी अगदी स्तब्ध ठेवता आले, तर चहा गोड व्हायला महिना लागेल. प्रत्यक्षात गरम-थंड भागांमुळे पाणी थोडेफार हलतेच, म्हणून इतका वेळ लागत नाही.

या सूत्रातील एक गोष्ट मनात पक्की ठेवा. वेळ अंतरावर नव्हे, तर अंतराच्या वर्गावर अवलंबून आहे. अंतर निम्मे केले तर वेळ चौथाई होतो. अंतर दहावा हिस्सा केले तर वेळ शंभरावा हिस्सा होतो. पुढची सगळी युक्ती याच वर्गात दडलेली आहे.

मग चमचा काय करतो? चमचा साखरेच्या रेणूंना ढवळत नाही. तेवढे काम त्याच्या आवाक्यातले नाही. तो गोड पाण्याचे लोट आगोड पाण्यात ताणतो, त्यांच्या बारीक बारीक पट्ट्या करतो. पट्ट्या बारीक झाल्या की विसरणाला फार थोडे अंतर काटावे लागते आणि ते काम क्षणात संपते. थोडक्यात, ढवळणे आणि मिसळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ढवळणे अंतर कमी करते. मिसळणे शेवटी विसरणच करते.

रेनल्ड्स यांची काचेची नळी

इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे प्राध्यापक असलेले ओस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याच्या टाकीत त्यांनी काचेची एक लांब नळी आडवी बसवली आणि तिच्या तोंडाशी रंगीत पाण्याची एक बारीक धार सोडली. नळीतील पाणी संथ वाहत असताना रंगाची धार दोरा ताणावा तशी सरळ, शेवटपर्यंत अखंड दिसली. वेग वाढवत नेल्यावर एका मर्यादेनंतर धार थरथरली, तुटली आणि सगळ्या नळीत रंग पसरला. पहिल्या प्रकारच्या प्रवाहाला स्तरीय प्रवाह म्हणतात आणि दुसऱ्याला संक्षोभी प्रवाह म्हणतात.

प्रवाह कोणत्या प्रकारचा होईल हे कशावरून ठरते? वाहत्या द्रवात दोन प्रवृत्तींची ओढाताण चालू असते. एक जडत्वाची : गती मिळालेला द्रवाचा भाग पुढे जातच राहू पाहतो, वळताना फेकला जातो, भोवरे करतो. दुसरी श्यानतेची, म्हणजे चिकटपणाची : शेजारचा थर त्याला धरून ठेवतो, भोवरे दाबून टाकतो. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे रेनल्ड्स अंक :

रेनल्ड्स अंक = (वेग × रुंदी) ÷ गतिक श्यानता

गतिक श्यानता म्हणजे श्यानता भागिले घनता. खोलीच्या तापमानाला पाण्यासाठी ती सेकंदाला सुमारे १ चौरस मिमी. असते. तेव्हा पाण्याच्या बाबतीत हिशेब फारच सोपा होतो : वेग मिमी. प्रतिसेकंद घ्या, रुंदी मिमी. मध्ये घ्या आणि गुणाकार करा. झाला रेनल्ड्स अंक! सरळ गोल नळीत हा अंक साधारण २,००० च्या खाली असला, तर प्रवाह स्तरीय राहतो.

घरातला नळ घ्या. आतील व्यास १५ मिमी. आणि वेग सेकंदाला ५०० मिमी. असेल, तर रेनल्ड्स अंक ७,५०० येतो. प्रवाह संक्षोभी. चहाच्या कपात ५० मिमी. रुंदीत चमचा सेकंदाला १०० मिमी. वेगाने फिरवला तर अंक ५,००० येतो. म्हणजे इथेही भोवरे, त्या भोवऱ्यांतून आणखी लहान भोवरे, आणि त्यामुळे चटकन मिसळणे. आपण रोज जे सहज मिसळतो, ते या भोवऱ्यांच्या कृपेने.

बारीक नळीतील अडचण

आता आपल्या चिपकडे वळू. नळीची रुंदी ०.२ मिमी. आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला १० मिमी. आहे असे धरा. रेनल्ड्स अंक = १० × ०.२ = २. कुठे २,००० आणि कुठे २! येथे भोवरे होणार नाहीत. दोन द्रव एकाच नळीत सोडले, तर रुळांवरून जाणाऱ्या दोन गाड्यांप्रमाणे ते शेजारी शेजारी वाहत राहतील.

तुम्ही म्हणाल, अंतर तर फारच थोडे आहे. विसरणच काम करून टाकील. हिशेब करून पाहू. प्रत्येक द्रवाचा पट्टा ०.१ मिमी. रुंद आहे. साखरेसारख्या लहान रेणूला लागणारा वेळ = (०.१ × ०.१) ÷ (२ × ०.०००५) = १० सेकंद. पण रक्तातील प्रथिनांचे रेणू फार मोठे असतात. हिमोग्लोबिनचा विसरणांक दर सेकंदाला सुमारे ०.००००७ चौरस मिमी. आहे. त्याला लागणारा वेळ येतो सुमारे ७० सेकंद. या ७० सेकंदांत द्रव किती पुढे जाईल? सेकंदाला १० मिमी. या वेगाने ७०० मिमी., म्हणजे ७० सेंमी. आपली सगळी चिप जेमतेम काही सेंटिमीटर लांब! द्रव अर्धवट मिसळलेल्या अवस्थेतच चिपच्या बाहेर पडेल.

वर्गात हा प्रश्न घातला, की हमखास एक सूचना येते : नळी वळणावळणाची करा. सूचना चांगली आहे. वळणावर मधला वेगवान द्रव बाहेरच्या बाजूकडे फेकला जातो आणि त्याची जागा घ्यायला कडेचा द्रव आत येतो. त्यामुळे नळीत आडवे अभिसरण सुरू होते. वक्र नळीतील या प्रवाहाचे गणित डब्ल्यू. आर. डीन यांनी १९२७ साली मांडले. पण द्रव बाहेर फेकला जातो तो जडत्वामुळे, आणि रेनल्ड्स अंक २ असताना जडत्वाचा जोर फारच थोडा असतो. तेव्हा अशा संथ प्रवाहात नुसत्या वळणांनी फारसे साधत नाही. नळी लांब मात्र होते.

वेग हजारपट वाढवावा, तर एवढ्या बारीक नळीतून द्रव ढकलायला प्रचंड दाब लागेल. शिवाय रक्ताचा थेंब असतो एकच. तो क्षणात संपून जाईल. मग?

करून पहा : परत येणारा थेंब

संथ प्रवाह आपल्या नेहमीच्या अनुभवापेक्षा किती वेगळा असतो, हे कळण्यासाठी एक प्रयोग करा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर (१८८६–१९७५) यांनी तो १९६० नंतरच्या दशकात एका शैक्षणिक चित्रपटात करून दाखवला होता.

साहित्य : काचेचे दोन सरळ गोल पेले, मोठ्याचा आतील व्यास सुमारे ८ सेंमी. आणि लहानाचा बाहेरील व्यास सुमारे ६ सेंमी. असावा. औषधाच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन सुमारे दीडशे मिली., खाण्याचा रंग आणि सुई काढलेली पिचकारी.

कृती : लहान पेल्यात वाळू किंवा पाणी भरा, म्हणजे तो तरंगणार नाही. तो मोठ्या पेल्याच्या बरोबर मध्यभागी ठेवा. दोहोंमधील फटीत ग्लिसरीन ओता आणि हवेचे बुडबुडे वर येऊन जाईपर्यंत थांबा. थोड्या ग्लिसरीनमध्ये रंग कालवा. पाण्यात कालवू नका, नाहीतर थेंब वर येईल. पिचकारीने हा रंगीत ग्लिसरीनचा थेंब फटीत अर्ध्या खोलीवर सोडा. आता मोठा पेला मित्राला घट्ट धरायला सांगा आणि आतला पेला अगदी सावकाश, एका फेऱ्याला दहा-बारा सेकंद लावून, तीन फेरे फिरवा. पेला मध्यभागावरून सरकू देऊ नका.

थेंब ताणला जाईल, त्याचा पट्टा होईल आणि शेवटी फटीत सगळीकडे फिकट रंग दिसू लागेल. कोणीही म्हणेल, की रंग मिसळला. आता तितक्याच सावकाश आतला पेला उलट दिशेने बरोबर तीन फेरे फिरवा. रंगाचा पट्टा आखडत जाईल आणि तुमचा थेंब, कडा थोड्या पुसट झालेल्या, पण जवळजवळ जसाच्या तसा, आपल्या जागी परत येईल!

चहात ढवळलेले दूध चमचा उलटा फिरवून कधी वेगळे झाले आहे काय? मग येथे असे का व्हावे? ग्लिसरीनची गतिक श्यानता पाण्याच्या हजारपटीहून जास्त असते. आपला वेग सेकंदाला सुमारे १६ मिमी. आणि फट १० मिमी. धरली, तर रेनल्ड्स अंक ०.१५ च्या आसपास येतो. जडत्व जवळजवळ नाहीच. पेला थांबला की द्रव तत्क्षणी थांबतो; पेला उलटला की द्रवाचा प्रत्येक कण आल्या वाटेने परत जातो. अशा प्रवाहाला व्युत्क्रमी म्हणतात.

या प्रयोगाचा धडा असा, की रंग पसरलेला दिसला म्हणजे मिसळला असे नव्हे. पट्टा ताणला गेला होता, पण पुरेसा बारीक झाला नव्हता. तीन फेऱ्यांनी तो जेवढा ताणला गेला, सहा फेऱ्यांनी त्याच्या दुप्पटच ताणला जाईल. ही वाढ साध्या व्याजासारखी आहे. आपल्याला हवी आहे चक्रवाढ.

चिरोट्यांचे गणित

चक्रवाढ कशी मिळवायची ते दिवाळीच्या स्वयंपाकघरात पाहायला मिळते. चिरोट्यांना पदर कसे सुटतात? एका पोळीवर दुसरी ठेवून, मध्ये तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावून, गुंडाळून, कापून पुन्हा लाटतात, म्हणून. आपण ही कृती गणितासाठी थोडी सोपी करू.

एक पांढरी आणि एक गुलाबी अशा ४ मिमी. जाडीच्या दोन पोळ्या एकावर एक ठेवा. त्या लाटून दुप्पट लांब करा. जाडी निम्मी झाली. आता मधोमध कापून एका अर्ध्यावर दुसरा अर्धा ठेवा. एकूण जाडी पूर्वीइतकीच आहे, पण थर दोनाचे चार झाले आणि प्रत्येक थर २ मिमी. जाडीचा झाला. पुन्हा लाटा, कापा, ठेवा : आठ थर, प्रत्येक १ मिमी. दहा वेळा असे केले, तर थर होतात २,०४८ आणि प्रत्येकाची जाडी ०.००४ मिमी. म्हणजे केसाच्या जाडीहून पुष्कळच कमी. डोळ्यांना पांढरा आणि गुलाबी वेगळे दिसणारच नाहीत. कणीक मळताना आपण दाबतो, दुमडतो, पुन्हा दाबतो, तेही हेच. कणकेत कसले आले भोवरे? पण मीठ आणि तेल सगळीकडे सारखे लागते ते या ताणण्या-दुमडण्यामुळेच.

आता आपले विसरणाचे सूत्र आठवा. थराची जाडी निम्मी, तर वेळ चौथाई. चिपमधील पट्टा ०.१ मिमी. होता आणि हिमोग्लोबिनला ७० सेकंद लागत होते. चार वेळा ताणून दुमडता आले, तर जाडी १६ पटींनी घटेल आणि वेळ १६ × १६ = २५६ पटींनी घटेल. ७० ÷ २५६ = ०.२७ सेकंद. एका सेकंदाच्या आत काम फत्ते!

कारखान्यांत ही युक्ती जुनीच आहे. घट्ट राळ आणि तिला कठीण करणारे द्रव्य एकत्र करण्यासाठी नळीत पीळ दिलेल्या पात्यांचे तुकडे एकापुढे एक बसवतात. प्रत्येक पाते येणारा प्रवाह दोन भागांत कापते आणि अर्धा फेरा फिरवते. पुढचे पाते काटकोनात असल्यामुळे तेच प्रवाह पुन्हा वेगळ्या रेषेवर कापले जातात. पाती स्वतः हलत नाहीत, द्रवच त्यांच्यातून जातो. दर पात्याला थर दुप्पट होतात. दहा पात्यांनंतर हजारावर थर. दातांच्या दवाखान्यात दोन लगदे एकत्र होऊन बाहेर येणारी प्लॅस्टिकची टोकदार नळी पाहिली असेल, तर तिच्यात ही पाती दिसली असतील.

पण केसाच्या तिप्पट रुंदीच्या नळीत पीळ दिलेली पाती बसवणे सोपे नाही. तेथे काहीतरी सोपे हवे.

दोन पेल्यांचा दुसरा प्रयोग

ग्लिसरीनचे पेले अजून तसेच असतील, तर आणखी एक प्रयोग करा. या वेळी आतला पेला मध्यभागी न ठेवता एका बाजूला सरकवून ठेवा. एकीकडे फट रुंद, दुसरीकडे अरुंद. रुंद बाजूला नवा थेंब सोडा. प्रथम बाहेरचा पेला स्थिर धरून आतला एक फेरा फिरवा. मग आतला धरून ठेवा आणि बाहेरचा उलट दिशेने एक फेरा फिरवा. पुन्हा आतला, पुन्हा बाहेरचा. असे पाच-सहा वेळा करून वरून पाहा. रंगाचा पट्टा नुसता ताणला जात नाही, तो वळतो, दुमडतो, दुमडलेला पुन्हा ताणला जातो. बरोबर चिरोट्यासारखा!

असे का होते? एकच पेला सतत फिरत राहिला, तर द्रवाचा प्रत्येक कण ठरलेल्या बंद वाटेने फिरत राहतो. शेजारच्या वाटा एकमेकींना कधी छेदत नाहीत. म्हणून शेजारी शेजारीच राहतात आणि रंग फक्त वाटेच्या दिशेने पसरतो. पण दुसरा पेला फिरू लागला, की वाटांचा नकाशाच बदलतो. नव्या वाटा जुन्या वाटांना छेदून जातात. कालपर्यंत शेजारी असलेले दोन कण आता दोन वेगळ्या वाटांना लागतात आणि झपाट्याने दुरावतात. अंतर दर फेरीत ठराविक पटींनी, म्हणजे चक्रवाढीने, वाढते.

ही कल्पना १९८४ साली हसन अरेफ यांनी गणिताने स्पष्ट केली. द्रवाच्या भांड्यात दोन ठिकाणी ढवळणी आहेत. पहिले थोडा वेळ चालते आणि थांबते, मग दुसरे चालते आणि थांबते, असे त्यांनी मानले. प्रत्येक ढवळणे एकटे असताना कण साध्या वर्तुळात फिरतात. दोन्ही आळीपाळीने चालवली, की कणांच्या वाटा इतक्या गुंतागुंतीच्या होतात, की कोणता कण कोठे जाईल याचे भाकीत करणे कठीण होते. प्रवाह साधा, नियमबद्ध, भोवऱ्यांचा गोंधळ नसलेला; आणि तरीही कणांची वाट अतिशय गुंतागुंतीची. यालाच केऑस म्हणतात.

दुसऱ्या प्रयोगात सगळे फेरे उलट्या क्रमाने करून थेंब परत आणण्याचा प्रयत्न करा. तत्त्वतः तो परत यायला हवा, कारण प्रवाह अजूनही व्युत्क्रमीच आहे. पण तुमच्या हाताची केसभर चूकही आता चक्रवाढीने वाढते. थेंब बहुधा परत येणार नाही. म्हणजेच या वेळी तुम्ही खरोखर मिसळण्याच्या वाटेवर आहात.

माशाच्या काट्याची नक्षी

आता चिपवर येऊ. नळीत हलणारा भाग नको, बाहेरून वीज नको, बनवायला सोपी हवी आणि तरीही आळीपाळीने बदलणारा प्रवाह हवा. २००२ साली हार्वर्ड विद्यापीठातील अब्राहम स्ट्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी नळीच्या तळावर तिरप्या खाचा ठेवल्या. बस्स, एवढेच.

तिरप्या खाचेने काय होते ते पाहा. पन्हळी पत्र्यावर, पन्हळी तिरप्या येतील असा पत्रा धरून, पाणी ओता. पाणी सरळ उताराने न जाता पन्हळींच्या दिशेने एका बाजूला सरकते. कारण पन्हळ ओलांडण्यापेक्षा तिच्यातून वाहणे सोपे. नळीच्या तळाजवळचा द्रव तसाच खाचेच्या दिशेने आडवा सरकतो. पण नळी बंद आहे. एका बाजूला सगळा द्रव साचू शकत नाही. म्हणून वरच्या भागातला द्रव उलट बाजूला सरकून जागा भरून काढतो. द्रव पुढेही जातो आहे आणि आडवा फिरतोही आहे. परिणामी तो मळसूत्रासारखा पीळ घेत पुढे जातो. याला जडत्व लागत नाही, म्हणून प्रवाह कितीही संथ असला तरी चालते.

पण एकाच प्रकारचा पीळ म्हणजे एकच पेला फिरवण्यासारखे झाले. म्हणून स्ट्रूक यांनी खाचा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या, माशाच्या काट्यासारख्या केल्या. आणि ‘व्ही’चे टोक नळीच्या मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवले. त्यामुळे नळीत दोन पीळ तयार होतात, एक मोठा आणि एक लहान, परस्परांच्या उलट फिरणारे. काही खाचांनंतर ‘व्ही’चे टोक दुसऱ्या बाजूला नेले, की मोठा पीळ लहान होतो आणि लहान मोठा. पुढच्या गटात पुन्हा उलट. द्रवाच्या दृष्टीने पाहिले, तर जणू आळीपाळीने दोन पेले फिरताहेत! फरक इतकाच, की पेले आपण वेळेनुसार बदलत होतो. येथे द्रव पुढे सरकतो तसतशी नक्षी बदलते.

फायदा किती? समजा, साध्या नळीत प्रवाहाचा वेग दहापट केला. मिसळण्याला लागणारा वेळ तोच राहतो, म्हणून नळी दहापट लांब लागते. काटेरी नक्षीच्या नळीत तसे नाही. वेग दहापट झाला तर प्रत्येक सेंटिमीटरला मिळणारा वेळ दहावा हिस्सा होतो; तेव्हा थर १० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.२ पटींनी, अधिक बारीक व्हायला हवेत. दोनदा दुमडले की थर चौपट बारीक होतात. म्हणजे आणखी दोन दुमडींपुरती लांबी वाढवली की झाले! गणिताच्या भाषेत, लागणारी लांबी वेगाच्या प्रमाणात न वाढता वेगाच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात वाढते.

उपयोग कोठे?

एक उपयोग आपण पाहिलाच : रक्ताच्या तपासणीच्या चिप. दुसरा औषधनिर्मितीतला. आर.एन.ए. हा रेणू शरीरात नाजूक असतो. तो चरबीच्या सूक्ष्म कणांत बंद करून द्यावा लागतो. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे औषध आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या कोव्हिडवरील काही लसी अशाच आहेत. हे कण बनवताना चरबीचे अल्कोहोलमधील द्रावण आणि आर.एन.ए.चे पाण्यातील द्रावण एकत्र करतात. पाणी मिळाले की चरबीचे रेणू एकमेकांना बिलगतात आणि कण तयार होतात. मिसळणे सावकाश झाले, तर कण मोठे आणि कमीजास्त आकाराचे होतात. मिसळणे झटपट झाले, तर लहान आणि एकसारखे. मोठ्या कारखान्यांत दोन धारा वेगाने एकमेकींवर आदळवून हे साधतात. प्रयोगशाळेत थोड्या द्रवावर काम करताना काटेरी नक्षीच्या नळ्या कामी आल्या आहेत.

दुसऱ्याही वाटा आहेत. शिकागोत रुस्तेम इस्मागिलोव्ह यांच्या गटाने २००३ साली द्रवांचे तेलात छोटे थेंब करून ते नागमोडी नळीतून नेले. प्रत्येक वळणावर थेंबाच्या आतील अभिसरण बदलते आणि थेंबाच्या पोटात ताणणे-दुमडणे चालू राहते. काही जण ध्वनिलहरींनी किंवा चुंबकीय कणांनीही नळीतील द्रव हलवतात. मात्र त्यासाठी बाहेरून ऊर्जा पुरवावी लागते. खाचांच्या नळीलाही मर्यादा आहेतच. एखादा बुडबुडा किंवा गुठळी खाचेत अडकली, तर प्रवाह बिघडतो. म्हणून काम पाहून साधन निवडावे लागते.

मित्रहो, पुढच्या वेळी कणीक मळताना किंवा चहा ढवळताना जरा लक्ष देऊन पाहा. चहात जोर भोवऱ्यांचा आहे, कणकेत दुमडींचा. पण दोन्हीकडे शेवटचे काम विसरणाकडे जाते, आणि त्याचा रस्ता जितका आखूड कराल तितक्या लवकर ते संपते.

सोडवून पहा

१. ०.५ मिमी. रुंदीच्या नळीतून पाणी सेकंदाला ४ मिमी. वेगाने वाहते. रेनल्ड्स अंक किती? प्रवाह कोणत्या प्रकारचा?

२. हिमोग्लोबिनच्या द्रावणाचा पट्टा ०.२ मिमी. रुंद आहे. विसरणाला किती वेळ लागेल? तीन वेळा ताणून दुमडल्यास किती?

३. दोन पेल्यांचा पहिला प्रयोग ग्लिसरीनऐवजी पाण्याने केला तर थेंब परत येईल काय? फट आणि वेग तेच धरून कारण सांगा.

उत्तरे : (१) २, स्तरीय. (२) सुमारे २८६ सेकंद. जाडी ८ पटींनी आणि वेळ ६४ पटींनी घटून सुमारे ४.५ सेकंद. (३) नाही. रेनल्ड्स अंक १६ × १० = १६० येतो. पेला थांबला तरी जडत्वामुळे पाणी फिरतच राहते, त्यामुळे कण आल्या वाटेने परत जात नाहीत.